तमाम नागरिकांस

दोन दिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं फडताळ रिकामं करायला घेतलं होतं. त्याच्या वरच्या कप्प्यात लोणच्याची बरणी असते. मे महिन्यात कैरीचं लोणचं घातलं की बरणीखाली नवा पेपर, आणि दिवाळीला तो काढून दुसरा. मधल्या काळात त्या कागदाकडे कुणी बघत नाही. बरणी उचलली तर खाली तेलाचं गोल कडं, कंपासने काढल्यासारखं. कड्याच्या आतला कागद तेल मुरून इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरची जाहिरात उलटी वाचता येत होती. बोळा करून टाकणार तेवढ्यात ‘स. नं. ११२’ दिसलं. आमचा सर्व्हे नंबर. हा आकडा मी झोपेतही सांगेन. घराचं कर्ज फिटेपर्यंत एकोणीस वर्षं तो प्रत्येक कागदावर बघितलाय. मग चष्मा आणला, खिडकीशी गेले आणि हळद-मोहरीच्या वासाचा तो चौकोन वाचला.

‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की...’ अशी सुरुवात होती. पुढे चार इंचांत एकच वाक्य. त्याचा अर्थ लागायला मला, तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला, तीनदा वाचावं लागलं. मंजूर विकास योजनेतल्या ‘क्रीडांगण’ या आरक्षणातून आमच्या समोरची जागा वगळून ती रहिवास विभागात घ्यायचा फेरबदल प्रस्तावित आहे. नकाशा नगररचना विभागात कार्यालयीन वेळेत बघायला मिळेल. ज्या कुणाला हरकत वा सूचना द्यायची असेल त्याने एक महिन्याच्या आत लेखी द्यावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. पेपर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला होता. मी वाचत होते ऑक्टोबरच्या शेवटी.

म्हणजे सूचना घरात आली होती. मीच पेपर हातात घेतला होता, घडी मोडली होती, कप्प्यात अंथरला होता आणि कोपरे वर येऊ नयेत म्हणून तळहाताने दोनदा सपाट केला होता. त्यावर चार किलो लोणचं ठेवलं होतं.

गंमत म्हणून हे मी पुढचे काही दिवस सगळ्यांना सांगत होते. लोक हसत होते, मीही हसत होते. पण रात्री दिवा मालवला की तो तेलाचा गोल डोळ्यांपुढे यायचा.

समोरचं मैदान म्हणजे मैदान असं नव्हतंच कधी. दीड एकराची पडीक जमीन, एका अंगाला मोठा कडुनिंब, दुसऱ्या अंगाला रस्त्याच्या कामाची उरलेली खडी. पावसाळ्यात टाकळा माजायचा. सप्टेंबरात कुणाची तरी म्हैस त्यात पोटापर्यंत बुडालेली असायची. दिवाळीनंतर पोरं पायाने गवत तुडवून मधोमध पट्टा करायची आणि जूनपर्यंत क्रिकेट चालायचं. माझ्या मुलाचा पुढचा दात तिथे पडला. संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या बाजूने धुळीचा आणि तुडवलेल्या निंबोळ्यांचा कडवट-गोड वास यायचा आणि मी कुकर लावायची. घर घेताना बिल्डरने नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, ‘समोर प्लेग्राउंडचं रिझर्वेशन आहे मॅडम, उभा जन्म ऊन-वारा अडणार नाही.’ उभा जन्म हा शब्द मी तेव्हा फार मनावर घेतला असावा.

फराळाची गडबड बाजूला ठेवून नगरपालिकेत गेले. नगररचना विभाग दुसऱ्या मजल्यावर. खाली जिन्याजवळ सूचना फलक आहे, काचेचा, कुलूपबंद. त्याच्यापुढे कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या अशा लावलेल्या की फलक वाचायचा तर दोन हँडलांमधून मान घालावी लागते. आत कागदावर कागद, टाचणीवर टाचणी. सगळ्यात वर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची यादी, तिच्याखाली एक निविदा, तिच्याखाली आणखी एक निविदा, आणि त्या सगळ्यांखालून ‘तमाम ना’ एवढंच डोकावत होतं. तीच होती की दुसरी कुठली, देव जाणे. वर रचना सहायक म्हणून बसलेला मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली. सगळी फाईल काढून दाखवली. त्याच्याबद्दल तक्रार करायला मला जागाच उरली नाही, हे एक वेगळंच दुःख.

‘बाई, सगळं रीतसर झालंय,’ तो म्हणाला. ‘सर्वसाधारण सभेचा ठराव आहे, राजपत्रात आलंय, दोन पेपरांत दिलंय, बोर्डावर डकवलंय.’

‘आणि आम्हाला? समोर राहणाऱ्यांना?’

त्याने कलम ३७ उघडलं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. मंजूर विकास योजनेचं एकूण स्वरूप बदलणार नसेल असा छोटा फेरबदल या कलमाखाली करतात. कलमात म्हटलंय की राजपत्रात सूचना द्यायची, शिवाय ‘ठरवील अशा अन्य रीतीने’ द्यायची, कुणाही व्यक्तीकडून महिन्याच्या आत हरकती मागवायच्या. आणि त्यावर, फेरबदलाने बाधित होणाऱ्या सगळ्यांना नोटीस बजावायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं, मग प्रस्ताव शासनाकडे पाठवायचा. मी ‘बाधित’वर बोट ठेवलं. तो म्हणाला, बाधित म्हणजे जमीनमालक. ज्याची जमीन तो बाधित. मी म्हटलं, ज्याचं आरक्षण उठतंय तो बाधित कसा रे, त्याचं तर भलं होतंय. तो हसला. ‘बाई, तुम्ही अजून तशाच.’

मग मी विचारलं, हरकती किती आल्या? त्याने पान उलटलं. तक्त्यात एक रकाना होता, त्यात टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं.

हरकती : निरंक.

मराठीत शून्यासाठी इतका थंड शब्द दुसरा नसेल. रिकाम्या रकान्यात पुढे कुणी काही घुसडू नये म्हणून लिहायचा शब्द. आमच्या वसाहतीत एकशे दहा उंबरे आहेत. त्या प्रत्येकाचं मत मागवलं गेलं, प्रत्येकाने विचार केला आणि प्रत्येकाने ‘आमची काही हरकत नाही’ असं कळवलं, असा त्या एका शब्दाचा अर्थ होत होता. त्या महिन्यात वसाहतीतले निम्मे लोक गावी होते. लग्नसराई होती, आंब्याच्या पेट्या येत होत्या, शाळांना सुट्टी होती. हरकतीचे महिने सुट्टीतच का येतात, याचा कुणी अभ्यास केला पाहिजे.

खोडच म्हणा, पण जिना उतरताना मी मनातल्या मनात प्रयोग ओळखत होते. ‘कळविण्यात येते.’ कर्ता कोण? नाही. कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता बेपत्ता. मुलांना कर्मणी शिकवताना मी रामाने रावण मारला इथून सुरुवात करायची. या पोटप्रकाराला मला कधी धड नावच सापडलं नाही. कुणी कळवलं हे त्यात नाहीच, पण त्याहून मोठी मेख अशी की कुणाला कळलं का, हेही त्यात नाही. कळवणं ही क्रिया ऐकणाऱ्याविना पूर्ण झालेली असते. राजपत्र छापलं गेलं त्या दिवशी ती झाली. आमच्या विभागाची राजपत्राची पुरवणी निघते, आता ती संगणकावर मोफत बघताही येते. मी अजून एकही माणूस पाहिलेला नाही जो सकाळी चहाबरोबर ती उघडतो.

लहानपणी आजोळी कोतवाल दवंडी द्यायला यायचा. खांद्याला हलगी, हातात टिपरू. तो तीन ठिकाणी थांबायचा: चावडीपुढे, विठ्ठल मंदिराच्या पारापाशी आणि आमच्या आजीच्या दारात. चावडी आणि पार समजण्यासारखे, पण आजीच्या दारात का, असं मी एकदा आईला विचारलं. आजीला ऐकू कमी यायचं म्हणून. गल्लीत एकदा ओरडून झालं की तो ओट्याजवळ यायचा, हलगी काखेत मारायचा आणि साध्या आवाजात म्हणायचा, ‘आक्का, उद्या तलाठी येणार हाय, सारा भराया सांगितलंय.’ आजी ‘बरं बाबा’ म्हणेपर्यंत तो हलायचा नाही. त्याच्या पगारात ते बसत नव्हतं. पगार हलगी वाजवण्याचा होता. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. त्याच कोतवालाला आजी पाणी वरून ओतून द्यायची, हेही मी पाहिलंय आणि विसरलेले नाही.

बरं, आमच्या नगरपालिकेला आमच्यापर्यंत पोचता येत नाही असंही नाही. रोज सकाळी पावणेआठला घंटागाडी येते, भोंग्यावर गाणं लावून, मध्येच ओला कचरा-सुका कचरा. मार्च उजाडला की रिक्षा फिरते: घरपट्टी भरा, शास्ती टाळा. घरपट्टीचं बिल तर दारात येतं. त्यावर आमच्या सासऱ्यांचं नाव तीन वर्षं चुकीचं छापून येत होतं, पण येत होतं. सासरे गेल्यावर गावाकडच्या जमिनीला वारस लावायचे होते, तेव्हा फेरफाराची नोटीस तलाठ्याच्या माणसाने शोधत शोधत माझ्या हातात आणून दिली. नमुना नऊ. सही घेतली, पंधरा दिवसांत हरकत असेल तर सांगा म्हणाला. चार आणेवारीच्या तुकड्यासाठी. तो कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, तोही १९६६चाच. त्याच वर्षीचा ३७ वा अधिनियम नगररचनेचा आणि ४१ वा महसुलाचा. म्हणजे एकाच सभागृहाने, एकाच वर्षात, एका ठिकाणी ‘हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी कळवा, शिवाय चावडीवर लावा’ असं ठरवलं आणि दुसऱ्या ठिकाणी समोरच्या घरातल्या माणसाला तमाम नागरिकांत ढकलून दिलं. सातबारावर नाव असलं की तुम्ही माणूस. समोर राहत असलात तर तुम्ही तमाम.

मोठ्या शहरांत निदान आरडाओरडा होतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ साली हरकतींसाठी खुला झाला तेव्हा ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. पुढे २०१५ साली शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि २०१७च्या सुरुवातीला मंजूर केला. मुंबईत तर २०१५च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूप आराखड्यात इतक्या चुका निघाल्या, इतका गदारोळ झाला, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्दच केला. सुधारित आराखडा पुढच्या वर्षी आला आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. पण ते अख्ख्या शहराचे आराखडे. त्यांच्यावर बातम्या होतात, चर्चासत्रं होतात, नकाशे हातोहात फिरतात. दीड एकराच्या फेरबदलाला कोण बातमी करणार? तो नोकरभरतीच्या आणि हरवलेल्या गुणपत्रिकेच्या मध्ये चार इंचांत येतो आणि लोणच्याखाली जातो.

म्हापशाला दिलेल्या माझ्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुमका म्हयनो तरी मेळटा गो.’ तिच्याकडे २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) असं एक पोटकलम आलं होतं. प्रादेशिक आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करायच्या म्हणून ते आणलं. अर्ज करायचा, की माझी भातशेती किंवा डोंगरउतार चुकून हिरव्या, म्हणजे बांधकाम न करायच्या, रंगात गेलाय. आजूबाजूच्यांना विचारायची पद्धतच नव्हती. बदल झाला की राजपत्रात यादी. मैत्रिणीच्या गावातली दोन चार मुलं ती यादी दर गुरुवारी वाचायला बसू लागली, सर्व्हे नंबर जुळवू लागली. २०२५च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या पोटकलमाखालचे नियम रद्द केले. गोव्याला याची सवयच आहे म्हणा. २०११ सालापर्यंतचा म्हणून केलेला प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून सरकारला २००७च्या सुरुवातीला मागे घ्यायला लावला होता. ‘आमगेर राजपत्र वाचपी लोक आसात,’ ती म्हणाली. मला तिचा हेवा वाटला, आणि पोरांना राजपत्र वाचत बसावं लागतं याचं वाईटही वाटलं.

तर ते तेल लागलेलं कात्रण मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आणि अर्ज लिहायला बसले. मुदत उलटली आहे हे मान्य, तरी... अशी सुरुवात केली. मुलांच्या खेळण्याचं, म्हाताऱ्यांच्या फिरण्याचं, कडुनिंबाचं, सगळं घातलं. शाळेतला निबंध झाला होता तो, पण चांगला झाला होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सह्यांसाठी निघायचं ठरवलं. त्याआधी एक काम राहिलं होतं: अण्णांकडे फराळाचं ताट.

समोरची जमीन अण्णांची. रस्त्याच्या टोकाला त्यांचं जुनं कौलारू घर आहे. वसाहत त्यांच्या भाऊबंदांनी विकलेल्या शेतावर झाली आहे. मी ताट ठेवलं. काकूंनी रिकामं ताट परत देऊ नये म्हणून त्यात चार पेरू घातले. जरा वेळाने मीच विषय काढला. मला वाटलं होतं ते टाळाटाळ करतील. ते म्हणाले, ‘एक्क्याण्णव साली आरक्षण पडलं. मला कवा कळलं सांगा?’

थोरलीच्या लग्नासाठी दोन गुंठे काढायचे होते. सत्त्याण्णव साल. गिऱ्हाईक ठरलं, इसार झाला, गिऱ्हाईक म्हणालं झोन दाखला आणा. नगरपालिकेत गेले तर कारकुनाने नकाशा पसरला, त्यांच्या शेतावर हिरवा रंग आणि एक आकडा. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, क्रीडांगण. ‘मी म्हटलं, कुणी केलं? ते म्हणालं, पेपरात आलतं. हरकती मागवल्या हुत्या. तुमी दिली नाही.’ तेव्हा पेपर स्टँडवर यायचा, आणि अण्णा स्टँडवर दूध घालायला पहाटे चारला जायचे, पेपरची गाडी सहाला. इसार परत करावा लागला. लग्न सोसायटीच्या कर्जावर झालं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ती जमीन नगरपालिकेने घेतली नाही, पैसे दिले नाहीत आणि सोडलीही नाही. कायद्यात तरतूद आहे. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालकाने नोटीस द्यायची, मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण संपतं, कलम १२७. अण्णांना ते एका वकिलाने सांगेपर्यंत दुसरीचंही लग्न झालं होतं. वकिलाची फी ऐकून ते घरी आले.

‘पिकवायचं ना मग,’ मी उगाचच म्हटलं.

‘पिकवलं असतं. पोरं खेळत हुती. तुमचा बी खेळत हुता. हरभरा टाकला तर घाटं रात्रीतनं गायब. किती जणांच्या मागं काठी घेऊन पळू?’

काकू आतून म्हणाल्या, दात पडला तेव्हा पाणी मीच दिलं होतं. ते मला माहीत नव्हतं.

१९९१च्या त्या आराखड्यावर या जमिनीपुरत्या हरकती किती आल्या असतील, ते मला विचारायची गरज नव्हती. कुठल्या तरी रकान्यात तोच शब्द असणार. त्याच अक्षरात.

पेरू घेऊन घरी आले. अर्ज टेबलावरच होता. ‘उभा जन्म ऊन-वारा अडणार नाही’ असं मला कुणी तरी सांगितलं होतं ते अण्णांच्या जमिनीच्या जिवावर, आणि अण्णांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. अर्जातला एक शब्दही खोटा नव्हता तरी. मुलांना मैदान लागतं. शहराने जागा राखून ठेवायलाच हव्यात, आणि राखलेल्या जागेचे पैसेही द्यायला हवेत. ते द्यायचे नसतात म्हणून मग एक दिवस जागाच सोडतात, आणि दोन्ही वेळा चार इंच. सह्यांना मी गेले नाही. अर्ज फाडलाही नाही. तो फडताळाच्या खालच्या कप्प्यात, गॅसच्या पुस्तकाबरोबर आहे.

गेल्या वर्षी तीन महिने न्यू जर्सीत धाकट्या बहिणीकडे होते. एका दुपारी पोस्टमन सही घेऊन पत्र देऊन गेला. मला वाटलं कोर्टाचं असेल. बहीण म्हणाली, छे गं, मागच्या गल्लीतल्याला मागे खोली वाढवायचीय, हद्दीपासून सोडायच्या अंतरात सूट हवीय, त्याचं आहे. पत्रात सगळं होतं: कुठला प्लॉट, काय करायचंय, सुनावणी किती तारखेला, किती वाजता, कुठे. जागेपासून दोनशे फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला असं पत्र द्यायचं, सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी, आणि ते द्यायचं अर्जदाराने, स्वतःच्या खर्चाने. मालकांची यादी गावच्या कचेरीतून प्रमाणित करून मिळते. तिची फी नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, यांतलं जे जास्त ते. पत्रं नीट गेली नसतील तर मंडळाला सुनावणीच घेता येत नाही. मी ते पत्र दिवसभर हातात घेऊन बसले होते. मेहुण्यांना गंमत वाटली. परत आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर आमच्या फाटकापासून कडुनिंबापर्यंत पावलं मोजली. सत्तर. दोनशे फुटांच्या आत सहज बसत होते.

सुनावणीला आम्ही गेलोही. संध्याकाळी साडेसातची वेळ, शाळेसारख्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफी. मागच्या गल्लीतल्या त्या बिचाऱ्याने खोलीचे नकाशे उभे करून दाखवले. आईला आणायचंय म्हणाला. एका बाईंनी त्याच्या आईच्या गाडीचा प्रश्न काढला. आई ब्याऐंशी वर्षांची, ती कुठून गाडी चालवणार. परतीच्या वाटेवर मेहुणे म्हणाले, ‘हे तर काहीच नाही.’ त्यांच्या राज्यातच, बर्नार्ड्स टाउनशिपमध्ये, मशिदीच्या एका अर्जावर ३९ सुनावण्या झाल्या होत्या. प्रत्येक वेळी मुद्दा पार्किंगचा, पाण्याच्या निचऱ्याचा, कुंपणाचा. शेवटी नकार. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ साली टाउनशिपने साडेबत्तीस लाख डॉलर देऊन ते मिटवलं. मग ते जरा थांबून म्हणाले, आमच्या मंदिराच्या वेळीही पार्किंगच निघालं होतं. शिवाय पत्र मालकाला जातं, भाडेकरूला नाही. बहिणीच्या शेजारच्या घरात भाड्याने राहणाऱ्या तेलुगू जोडप्याला त्या सुनावणीचा पत्ता नव्हता. मला आमच्या वसाहतीतली एक सभा आठवली. टोकाच्या बंगल्यात नोकरदार मुलींचं वसतिगृह निघणार होतं, ती बातमी मात्र एका दिवसात एकशे दहा घरांत पोचली होती, राजपत्राशिवाय. तेव्हा ज्या हरकती ऐकल्या त्यांतली एकही लिहून देण्याच्या लायकीची नव्हती. वसतिगृह निघालं नाही. त्या सभेला मी होते, आणि मी गप्प होते.

फेरबदल मंजूर झाल्याची अधिसूचना आली, तीही राजपत्रातच. या खेपेला मी वाचली, कारण माझा विद्यार्थी आता मला असले कागद मोबाइलवर पाठवतो. वर हात जोडलेलं चिन्ह टाकतो. अण्णांनी जागा विकसनाला दिली. गेल्या महिन्यात खडीचा ढीग हलला, पत्र्याचं कुंपण आलं. कडुनिंब मात्र पत्र्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला राहिला, आणि परवा सकाळी त्याच्या बुंध्यावर, डोक्याच्या उंचीवर, प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद दिसला.

आपल्याकडचा हा एक कायदा मला फार आवडतो. १९७५चा, झाडांचा. झाड तोडायचं असेल तर पेपरात तर द्यायचंच, पण त्या झाडावरही, ठळक दिसेल अशा जागी, नोटीस लावायची. माणसाच्या दारावर लावायची सक्ती नाही, झाडाला आहे. आणि ती वाचली जाते. रिक्षा तिथेच थांबतात, शाळेच्या गाडीची वाट बघणाऱ्या बायका तिथेच उभ्या असतात. तासाभरात मी सहा जणांना ती वाचताना पाहिलं. एका पोराने तिचा फोटो काढला. दुधाच्या पिशव्या घेऊन येत होते तेवढ्यात अण्णा दिसले, झाडापाशी, मान वर करून. चष्मा घरी राहिला होता.

‘बाई, वाचा की जरा.’

मी वाचलं. ‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक, स. नं. ११२ पैकी, कडुनिंब, एक नग...’ ते मध्येच म्हणाले, हे असं नको, सरळ सांगा.

‘अण्णा, हा लिंब पाडायचाय. कुणाला काही म्हणायचं असेल तर सात दिवसांत लिहून द्या म्हणतायत.’

त्यांनी बुंध्यावर हात ठेवला, कागदाच्या जरा खाली. झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं, हे ते पूर्वी एकदा बोलले होते.

‘कुणाला म्हंजे?’ त्यांनी विचारलं. ‘मला बी इचारत्यात का त्ये?’